उन्हाळ्यात वाटलेल्या रजया

एप्रिलच्या कडक उन्हात बीडमध्ये रजया वाटायचा कार्यक्रम झाला, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. पण झाला. एका मंगल कार्यालयात, चारी कोपऱ्यांत कूलर लावून झाला, आणि स्टेजवरच्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मीही बसले होते. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एका मैत्रिणीच्या नादानं इथल्या सेवा क्लबाची सभासद झाले. हा क्लब जगभर शाखा असलेला. आमच्या शाखेत डॉक्टर, वकील, व्यापारी, काही प्राध्यापक आणि माझ्यासारख्या थोड्या बायका. महिन्याला एक बैठक, आधी प्रार्थना, मग ठराव, मग जेवण. लोक या क्लबांची चेष्टा करतात, फोटोवाले म्हणून हिणवतात. मी तशी चेष्टा करणार नाही. मी शिकवायला लागले तेव्हा दरवर्षी वर्गात पोलिओनं पाय वाळलेली एखादी तरी मुलगी असायची. भिंतीला धरून यायची. पुढं पुढं तशी मुलगी दिसेनाशी झाली. त्यामागं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाया होत्या तशीच देशोदेशीच्या अशा क्लबांनी गोळा केलेली मदतही होती. आणि आमच्या शाळेत जी प्रयोगशाळा आहे ती तर अशाच मदतीतून झाली. निम्मा भार आमच्या क्लबानं उचलला, निम्मा समुद्रापलीकडच्या एका देशातल्या क्लबानं.

ती प्रयोगशाळा बघायला आणि मुलींना शिकवायला त्या देशातून एक विज्ञानशिक्षिका आली होती. हॉटेलात राहायला तिनं नको म्हटलं, म्हणून ती माझ्या घरी उतरली. उंच, मोठ्यानं हसणारी बाई. तिला मराठी येत नव्हती, माझं इंग्रजी पोटापुरतं. तरी आमचं जमलं. ज्वारीची भाकरी तिला थापता येत नव्हती पण भाजता यायला लागली होती. शेंगदाण्याच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी ती ताट सोडायची नाही.

तिला मी गादीवाल्यांच्या गल्लीत घेऊन गेले. तिथं माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. शाळेत होती तेव्हा तिच्यासारखा सरळ टाका वर्गात कुणाचा नव्हता. लग्न करून ती त्या गल्लीत आली. नवरा मोटारसायकली दुरुस्त करतो, सासू आणि ती मिळून रजया, गाद्या शिवतात. पाहुणी तिथं कापसात मांडी घालून बसली. बोलता बोलता दोघींना कळलं की काही शब्द दोघींकडे सारखेच आहेत. किताब, कलम, दुनिया, दोस्त. एकीनं शब्द टाकायचा, दुसरीनं "हां, हां!" म्हणून टाळी द्यायची. सासूला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्या खाला म्हणाल्या, "बाई, ही तर आपलीच निघाली की!"

पाहुणी परत गेली. नंतर आमचे फोनवर निरोप चालू राहिले. सणाला शुभेच्छा, मुलींच्या निकालाची विचारपूस, असंच.

मग एका हिवाळ्यात त्यांच्याकडे भूकंप झाला. टीव्हीवर तिच्या शहराचं नाव ऐकलं आणि मी लगेच तिला फोन लावला, लागला नाही. तिचा निरोप यायला वेळ लागला. आला तो एवढाच, की ती आणि तिची मुलं वाचली आहेत, शाळा पडली आहे, सगळे तंबूत आहेत आणि बर्फ पडतंय. शेवटी तिनं लिहिलं होतं, "मुलांना पांघरायला काही पाठवता येईल का?"

क्लबाची तातडीची बैठक झाली. त्या दिवशी सगळे मनापासून हळहळले, हे खोटं म्हणणार नाही. कुणीतरी जुने कपडे गोळा करायचं सुचवलं. मी उठून उभी राहिले. लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी तिकडं गेले होते, आणि रस्त्याच्या कडेला लोकांनी पाठवलेल्या फाटक्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडलेले बघितले होते. ज्यांचं घर गेलं त्यांनी आमची अडगळ का अंगावर घ्यायची? मी म्हणाले, "द्यायचं तर नवं द्या. आपल्याकडे कापूस पिकतो. रजया पाठवू."

ते सगळ्यांना पटलं. गेवराईकडच्या एका जिनिंगवाल्यानं कापूस दिला. कापडवाल्यांनी तागे दिले. मुंबईत त्या देशाच्या कचेरीत मदत स्वीकारत होते आणि तिथून पुढं विमानानं नेत होते. मुंबईपर्यंत पोचवायचं काम आमचं. अध्यक्षांनी स्वतःचं गोदाम आणि ट्रक देऊ केला. त्यांचं सिमेंट-लोखंडाचं मोठं दुकान आहे. शिवायचं काम राहिलं, ते मी अंगावर घेतलं.

मी गल्लीत गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता. थंडी आणि लग्नसराई, हेच त्या बायकांचे कमाईचे दिवस. वर्षाचं त्यातच काढायचं असतं. मी मजुरीचं बोलायला लागले तशा खाला माझ्यावरच चिडल्या.

"भूकंपवाल्यांकडून मजुरी घेयाची? अल्ला काय म्हणंल आमाला?"

माझी विद्यार्थिनी हातातली लग्नाची गादी बाजूला सारून म्हणाली, "बाई, त्या आपल्या पाहुणीच्या शाळेतली पोरं हायत का?"

"तीच."

"मग लोकांच्या गाद्या राहू द्या तशाच. आधी ह्या."

आणि खरंच, सगळ्या गल्लीनं लोकांची कामं थांबवली. सकाळपासून कापूस पिंजायच्या मशीनची घरघर, अंगणात पसरलेले गिलाफ, त्यात भरून काठीनं सारखा केलेला कापूस, आणि दोन्ही बाजूंना बसून टाके घालणाऱ्या बायका. केसांत, भुवयांवर, चहाच्या कपात कापूस. मीही बसायची. माझे टाके बघून माझी विद्यार्थिनी हसायची, म्हणायची, "बाई, नजर गेली तुमची, पण हात हाय अजून." लहान मुलांसाठी म्हणून तिनं काही रजया आकारानं छोट्या केल्या आणि त्यांना पिवळं, लाल कापड वापरलं. बर्फात पांढरं सगळंच असेल, पोराला आपली रजई लांबून दिसायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. एका बाईनं कडेला मोर काढला.

रजया तयार झाल्या. अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. प्रत्येक रजईवर क्लबाचं चिन्ह छापलेलं स्टिकर लागलं. मला ते खटकलं नाही. माल ट्रकात भरून गोदामात गेला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी निघेल.

दुसऱ्या दिवशी नाही निघाला. अध्यक्षांनी सांगितलं, मोठे साहेब हिरवा झेंडा दाखवणार आहेत, त्यांची वेळ मिळतेय. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. वेळ मिळाली, मांडव पडला, मग साहेबांना मुंबईला जावं लागलं. मांडव निघाला. पुन्हा वेळ मिळाली. पुन्हा कुणाच्या घरचं लग्न आलं. इकडं पाहुणीचा निरोप यायचा, "निघाल्या का?" मी लिहायची, "निघतायत." पुन्हा तिचा निरोप, पुन्हा माझं तेच उत्तर. शेवटी फोन वाजला की मी तो उलटा घालून ठेवायची.

मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. मला बसवलं, चहा मागवला.

"रजया कधी निघणार?"

"निघतील हो मॅडम. थोडं इकडंतिकडं होतंच. साहेबांच्या हातानं झालं तर पेपरात मोठं येतं. नाव झालं की पुढच्या कामाला लोक हात सैल सोडतात. हे सगळं पुढचा विचार करून करावं लागतं."

"तिथं बर्फ पडतंय."

"इथून आज ट्रक सुटला तर उद्या तिथं थोडाच पोचणार आहे?"

"आज सुटला तर उद्या सुटण्यापेक्षा एक दिवस आधी पोचेल," मी म्हणाले. "तुम्हाला जमत नसेल तर मी टेम्पो करते. गोदामाची किल्ली द्या."

ते हसले. लग्नात मानपानावरून रुसलेल्या बाईला बघून हसावं, तसं ते हसणं होतं. "माल क्लबाचा आहे मॅडम. ठरावाशिवाय हलवता येत नाही. चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. एवढाच माझा निषेध. रस्त्यानं घरी येताना मला स्वतःशीच मोठ्यानं बोलताना बघून एक फळवाला थांबला. "क्या हुआ बाई?" म्हणाला. काय सांगणार त्याला?

मी दोन-तीन सभासदांकडे गेले. प्रत्येकानं मान डोलावली. प्रत्येक जण म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पण त्यांना दुखवून कसं चालेल, गोदाम त्यांचं, ट्रक त्यांचा. उन्हं तापायला लागली. अखेर साहेब आलेच नाहीत. आणि मुंबईच्या कचेरीतून कळलं की थंडीचा माल आता घेत नाहीत, गरज संपली, स्वीकारायचं काम बंद झालं आहे. अध्यक्षांनी मला फोन करून सांगितलं, "बॅड लक मॅडम. आपण आपल्याकडून प्रयत्न केला."

प्रयत्न! त्या शब्दानं माझ्या कानात नुसती आग झाली. गरज संपली नव्हती. थंडी संपली होती. त्या मुलांनी तो सगळा हिवाळा तंबूत काढला होता, आणि त्यांच्या नावानं शिवलेल्या लाल-पिवळ्या रजया आमच्याकडे सिमेंटच्या पोत्यांशेजारी पडून होत्या.

पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, माल वाया कशाला घालवायचा, आपल्याकडच्या गरिबांना वाटून टाकू. वर्षाचा अहवाल वरच्या कार्यालयाला आणि परदेशातल्या शाखांना जायचा होता, त्यात काहीतरी दाखवावं लागणार. मी म्हणाले, "आत्ता? रजया? माणसं रात्री गच्चीवर पाणी शिंपडून झोपतायत." कुणीतरी हसलं. एक डॉक्टर म्हणाले, "ठेवतील की पुढच्या थंडीला." हात वर झाले, ठराव झाला. मी विरोधात एकटी.

तरी मी कार्यक्रमाला गेले. सभासदांना स्टेजवर बसवलं होतं. मागं भला मोठा फलक, त्यावर "आंतरराष्ट्रीय मानवतावादी सहाय्य" आणि खाली "मायेची ऊब". समोर खुर्च्या मांडलेल्या. आणि त्या खुर्च्यांच्या पहिल्या दोन ओळींत माझी गल्ली बसलेली. खाला, माझी विद्यार्थिनी, मोर काढणारी बाई, सगळ्या. ठेवणीतले कपडे घालून आलेल्या. काहींच्या हाताला मेंदी. आणि प्रत्येकीच्या हातात एक टोकन.

मला आधी वाटलं, यांचा सत्कार ठेवला असेल. त्यांनाही तेच वाटलं होतं. क्लबाच्या माणसानं गल्लीत जाऊन सांगितलं होतं, "बाईंनी बोलावलंय, रजयांचा कार्यक्रम आहे." नाव माझं वापरलं होतं. मला एका शब्दानं न विचारता.

भाषणं झाली. आपण जगाशी कसे जोडलेले आहोत, सीमा ओलांडून सेवा कशी करतो, सगळं झालं. मग निवेदकानं पहिला लाभार्थी म्हणून माझ्या विद्यार्थिनीला पुकारलं. ती पदर सावरत हसत वर आली. अध्यक्षांनी घडी केलेली रजई तिच्या हातांवर ठेवली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, इकडं बघा." तिनं बघितलं. फोटो निघाला.

मग तिचं लक्ष खाली गेलं. पिवळी, आखूड रजई होती. तिनं कड उलटून टाका बघितला.

"ही तर मीच शिवलेली हाय," ती म्हणाली.

"मग तर फारच छान!" अध्यक्ष माइकजवळ वाकून म्हणाले. "स्वतःच्या हातची ऊब!" टाळ्या पडल्या.

"ही पोरांना धाडलीच न्हाई का तुमी?"

अध्यक्षांनी हात पुढं करून तिला स्टेजवरून उतरायची खूण केली. ती हलली नाही. तिनं रजई समोरच्या टेबलावर ठेवली, हारतुऱ्यांच्या शेजारी, आणि शांतपणे म्हणाली, "माझी नगं. मी दिलती ही. दिलेली चीज आमच्यात परत घेत न्हाईत."

माइक चालूच होता, म्हणून ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचा गैरसमज होतोय." तोवर खाला उठल्या होत्या. त्यांनी टोकन खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "चलो गे, उठो." एकेक बाई उठली. पुढच्या दोन ओळी रिकाम्या झाल्या आणि खुर्च्यांवर नुसती टोकनं राहिली.

मी खुर्ची मागं सारली. शेजारचे डॉक्टर पुटपुटले, "मॅडम, बसा, तमाशा होईल." मी म्हणाले, "झालाय की." आणि खाली उतरले.

बाहेर उन्हात त्या रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघेना.

"बाई, तुमी बोलावलं म्हणून आलतो आमी."

"मी नाही बोलावलं गं. शप्पथ."

"मग त्यांनी तुमचं नाव कावून घेतलं?"

खाला मध्ये पडल्या, "राहू दे, बाईचा काय कसूर हाय त्यात?" पण ती रिक्षात बसली आणि तोंड फिरवून घेतलं. कुणी माझ्या तोंडावर चप्पल मारली असती तरी चाललं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित चार दिवस धुमसले असते आणि गप्प बसले असते. पण पुढच्याच आठवड्यात मोठ्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष, त्यांच्याहून मोठ्या फोटोत कार्यक्रमाला न आलेले साहेब, आणि मधोमध माझी विद्यार्थिनी, दोन्ही हातांवर रजई घेऊन हसणारी. खाली लिहिलेलं, "गरजूंच्या चेहऱ्यावरचं हसू हाच आमचा पुरस्कार." टेबलावर ठेवलेल्या रजईचा, उठून गेलेल्या बायकांचा फोटो अर्थातच नव्हता.

तिच्या नवऱ्याचं गॅरेज त्या चौकापासून जवळच. गिऱ्हाइकं त्याला छेडायला लागली, "काय बे, बायकोला विलायती रजई भेटली म्हणं! आमाला बी सांग की कुठं भेटती." तो भांडकुदळ माणूस नाही, पण त्यानं दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. घरात बायकोशी बोलेना. मला हे खालांनी येऊन सांगितलं, सांगताना रडल्या.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आठवडाभराचा फ्लेक्स आहे, आपोआप निघेल. आणि यात वाईट काय आहे? चांगलीच दिसतेय ती."

मी कपाटातून कापड बेतायची माझी मोठी कात्री काढली. खालांना म्हणाले, "चला." सकाळी दहाच्या सुमाराला चौक गजबजलेला. त्या फळवाल्यानं न विचारता आपले दोन रिकामे क्रेट आणून एकावर एक ठेवले आणि धरून उभा राहिला. मी चढले. या वयात चढले. खालच्या दोऱ्या कापल्या, मग एका कडेची वरची. फ्लेक्स अर्धा लोंबकळला. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला.

"ओ बाई, काय चाललंय? परवानगी हाय का काढायची?"

"लावायची होती का?" मी वरूनच विचारलं.

चौकातल्या कुठल्याच फ्लेक्सला नव्हती, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक. "लवकर आटपा," म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला. दुसरी कड कापली आणि फ्लेक्स खाली आला. खालांनी तो पायानंच गुंडाळला.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. आवाज चढलेला. "क्लबाची मालमत्ता फाडलीत तुम्ही! बदनामी केलीत!"

"चेहरा तिचा होता. तो तुमची मालमत्ता कधी झाला?"

"तुम्हाला पुढचं काही कळतंय का? तुमच्या शाळेच्या संगणकांचा प्रस्ताव त्याच परदेशी क्लबाकडे आहे. आपला अहवाल चांगला गेला तर मंजूर होईल. तुमच्या रागापायी पोरींचं नुकसान होईल, तेव्हा मला सांगू नका."

तिथं मात्र त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. शाळा म्हणजे माझा जीव. मी रात्रभर विचार केला नाही, पण संध्याकाळपर्यंत केला. मग पाहुणीला सगळं खरं लिहून टाकलं. रजया का आल्या नाहीत, कुठं पडून होत्या, उन्हाळ्यात कुणाला वाटायला काढल्या, सगळं. मी क्लब सोडते आहे, हेही लिहिलं. पोटापुरत्या इंग्रजीत राग लिहिणं फार कठीण असतं. शब्द सापडत नव्हते तिथं मी सरळ मराठीत लिहिलं.

तिचं उत्तर आलं. आमच्याकडेही ट्रक उभे राहिले होते, तिनं लिहिलं. त्यांच्या साहेबांच्या कॅमेऱ्यासाठी. एका वाटपाच्या वेळी तिच्या विद्यार्थ्यांना बर्फात रांगेत उभं करून ठेवलं होतं. तिनं एकदा आरडाओरडा केला म्हणून तिला तिथल्या मदत-समितीतून काढलं होतं. ते वाचून मला धीर आला असं म्हणवत नाही. उलट जास्तच चीड आली. इतक्या लांब, इतक्या वेगळ्या मुलखात, तीच माणसं!

तिला माझ्या विद्यार्थिनीशी बोलायचं होतं. मी फोन घेऊन गल्लीत गेले. माझी विद्यार्थिनी माझ्याशी अजून तुटकच वागत होती, पण फोनवरचा चेहरा बघून उठून बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पाहुणी छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा "दोस्त, दोस्त" म्हणत राहिली. ही म्हणाली, "बाई, तिला सांगा, रजया पोचल्या न्हाईत पण आमी खोटं शिवलं नव्हतं." मी जमेल तसं सांगितलं. पाहुणीनं डोळे पुसले. फोन ठेवल्यावर माझ्या विद्यार्थिनीनं मला चहा विचारला. त्या दिवसानंतर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

संगणक मात्र आले नाहीत. परदेशी क्लबानं आमच्या क्लबाला काही प्रश्न विचारले, आमच्या क्लबानं उत्तरं द्यायला वेळ लावला, आणि प्रस्ताव लांबणीवर पडला. मुख्याध्यापिका रस्त्यात भेटल्या तर नजर चुकवतात. त्यांचा राग मला समजतो. पण मी त्यांना एवढंच विचारते, मुलींना संगणक हवे असतील तर बाकीच्यांनी अपमान मुकाट गिळायचा, हा सौदा कुणी ठरवला? कुठल्या ठरावात झाला? अध्यक्षांनी उरलेल्या रजया त्यांच्या गावाकडे नेऊन वाटल्या, निवडणुकीच्या आधी. हे मला फळवाल्यानं सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात क्लबाच्या नव्या अध्यक्षा माझ्या घरी आल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, तरुण. कुठल्याशा देशात लढाईमुळं घर सोडून आलेली मुलं छावणीत आहेत, शाळा तंबूत भरते, त्यांच्यासाठी रजया पाठवायच्या होत्या. "मागं जे झालं ते वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण गल्लीतल्या बायका तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत."

"आणि माझ्या तोंडून त्या पुन्हा ऐकणारही नाहीत," मी म्हणाले. "मी विचारणार नाही."

त्या खरंच हट्टी निघाल्या. स्वतः गल्लीत गेल्या. मागोमाग मी गेले, भांडायलाच गेले म्हणा. मी दारातच सांगितलं, "पोरी, एकदा फसवलंय यांनी. नाही म्हण."

माझी विद्यार्थिनी सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "बाई, चिडलाव तर तुमी चिडलाव, मी बी चिडले. त्या पोरांनी काय केलं?" मग डॉक्टरबाईंकडे वळली. "शिवतो आमी. पण रजया गोदामात जायच्या न्हाईत. गाडी इथं गल्लीत लावायची. शेवटचा टाका झाला की भरायचं आन निघायचं. फोटो कुणाचाच न्हाई, आमचा न्हाई आन तुमचा बी न्हाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल."

मला पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. मी क्लबात परत गेले नाही, जाणारही नाही. पण गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली, इतकी की फळगाड्यांना वाट राहिली नाही आणि त्यावरून भांडणही झालं. रजया भरल्या, ताडपत्री ओढली, ड्रायव्हरनं चहा घेतला आणि गाडी निघाली. डॉक्टरबाई मुंबईपर्यंत तिच्याबरोबर गेल्या. माल ताब्यात मिळाल्याचं तिथून फोन करून त्यांनी आधी मला नाही, माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं. हे योग्यच केलं.

गाडी गेल्यावर अंगणात लग्नाच्या गाद्यांचं काम तसंच पडलेलं होतं. तेवढ्यात तेलगावकडचं एक गिऱ्हाईक आलं आणि मुलीच्या लग्नाची गादी झाली नाही म्हणून दारात उभं राहून ओरडायला लागलं. माझी विद्यार्थिनी त्याच्याहून मोठ्या आवाजात ओरडली, परवा भेटंल म्हणून सांगितलंय ना! तो गेला. ती माझ्याकडे वळली.

"बाई, नुसत्या बसू नका," ती म्हणाली. "सुई घ्या."